खणातल्या गोळ्यांचा चोर

४ जानेवारी, शनिवार

कंबर गेली. म्हणजे आहे जागच्या जागी, पण माझ्या ताब्यात नाही. सकाळी कोशाचे खंड खालच्या फळीवरून वरच्या फळीवर न्यायचे मनात आले. बायको म्हणाली, "अहो, एकेक न्या." एकेक न्यायला कोश म्हणजे काय कपबशा आहेत? सगळे एकदम उचलले. त्यातला 'प ते म' हा खंड वर पोचला. बाकीचे खंड आणि मी जमिनीवर.

हाडांचे डॉक्टर वयाने माझ्या पुतण्याएवढे, पण आवाज आजोबांचा. म्हणाले, "ही कॅप्सूल रात्री जेवणानंतर एक. एकच. जोरकस आहे. आणि मला विचारल्याशिवाय हिच्या जोडीला दुसरं काही घ्यायचं नाही. झोपेचं तर नाहीच नाही."

मी मान हलवली. शरीरात तेवढी एकच गोष्ट हलत होती.

कॅप्सूल लाल-पांढरी, दिसायला सुबक. घेऊन तासभर झाला. कंबर दुखते आहे हे मला कळते, पण ती दुसऱ्या कोणाची तरी दुखत असावी असे वाटते. उत्तम औषध.

६ जानेवारी, सोमवार

काठी टेकत कचेरीत गेलो. संपादकबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला 'शास्त्रीबुवा' म्हणतात, कारण मी संस्कृत घेऊन एम. ए. झालो आणि त्यातून अजून पुरता बरा झालेलो नाही.

"शास्त्रीबुवा, आरोग्याचा वार्ताहर सोडून गेला. दोन महिने आरोग्य तुमच्याकडे."

"बाई, माझं स्वतःचं माझ्याकडे राहिलेलं नाही, राज्याचं कुठे ठेवू?"

"हे लेखात घाला. विषय तसा कोरडा आहे."

गेली वीस वर्षे मी व्याख्याने, पुस्तक-प्रकाशने आणि सत्कार यांच्या बातम्या देतो. आरोग्याशी माझा संबंध एवढाच की त्या कार्यक्रमांतून मी जिवंत परत येतो. आता विषय असा: राज्यात औषधांच्या आणि अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने किती माणसे मरतात आणि गेल्या सहा वर्षांत हा आकडा कुठे चालला आहे. आरोग्य विभागाचा जाडजूड अहवाल आला आहे. त्यावर तीन लेख.

'ओव्हरडोस'ऐवजी मी 'अतिमात्रा' सुचवला. बाई म्हणाल्या, "लोकांना वाटेल व्याकरणाचं सदर सुरू झालं." ओव्हरडोस राहिला. पहिल्याच दिवशी पराभव.

७ जानेवारी, मंगळवार

अहवाल वाचला. पहिल्या पानावर मंत्री हसत आहेत. मृत्यूंच्या अहवालावर हसायचे म्हणजे धैर्य लागते, पण कारण आहे: एकूण मृत्यू सलग दुसऱ्या वर्षी कमी झाले.

आत मात्र एक गंमत सापडली. वयोगटांच्या तक्त्यात सर्वांत जास्त आणि वर्षागणिक वाढते मृत्यू पंचेचाळीस ते चौसष्ट या गटात दाखवले आहेत, आणि विशीतल्या मुलांचे कमी-कमी होत गेलेले. म्हणजे ज्या वयात माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतो, त्या वयात तो नशा करून मरतो! कोणाला पटेल? सरळ आहे, तक्ता करणाऱ्याने वयोगट खालून वर लावले. सरकारी कामात असे व्हायचेच. मी ते उलटवून सरळ केले. मन कसे हलके झाले.

आमच्या कचेरीत एक रिवाज आहे. मी पाहिलेल्या मजकुराच्या कोपऱ्यात हिरव्या शाईने बरोबरची खूण करतो. ती खूण दिसली की पुढे तो मजकूर कोणीही तपासत नाही. उपसंपादक नाही, मुद्रितशोधक नाही, संपादकबाईसुद्धा नाहीत. ही प्रतिष्ठा मी वीस वर्षे लोकांच्या चुका काढून मिळवली आहे.

खूण केली. लेख गेला.

९ जानेवारी, गुरुवार

लेख पहिल्या पानावर. मथळा: 'तरुणाई मृत्यूच्या कुशीत'. मथळा माझा नाही, त्यावरची हिरवी खूण माझी आहे. दिवसभर फोन. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी "डोळे उघडलेत" म्हटले. माझे स्वतःचे मिटत होते, कारण रात्री कूस बदलताना पाच-सहादा जाग आली.

आईच्या कानावर ते गेलेच. आई रोज संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसते. तिथे तिच्या चार मैत्रिणी जमतात. पूर्वी त्या सुनांची देवाणघेवाण करत, म्हणजे सुनांविषयीच्या माहितीची. आता औषधांची करतात. एकीला गुडघ्याची गोळी लागू पडली की ती बाकभर फिरते. कर्नलीणबाई म्हणून एक आहेत, त्यांच्या पर्सला आई 'दवाखाना' म्हणते.

आईने जेवणानंतर रुमालाची गाठ सोडून अर्धी पांढरी गोळी काढली.

"घे. कर्नलीणबाईंची आहे. झोप कशी लागते बघ."

"आई, डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टर गोळीला नको म्हणाले. ही अर्धी आहे."

या युक्तिवादात मला दोष काढता आला नाही. न्यायशास्त्राच्या परीक्षेत मी असल्याच उत्तरांवर पास झालो होतो.

१० जानेवारी, शुक्रवार

झोपलो. काय झोपलो!

१२ जानेवारी, रविवार

एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. कॅप्सूलची पट्टी संपायला आली. मी रोज एकच घेतो. मग बाकीच्या कोण घेते?

घरात चौघे. आई स्वतःच औषधांची आश्रयदाती, तिला चोरायचे कारण नाही. बायको डोके दुखले तरी कपाळावर ओला रुमाल ठेवून शाळेत शिकवायला जाते. राहिली आमची मुलगी चिमणी. एकोणीस वर्षांची. कॉलेजला जाते, खोलीचे दार लावून बसते, कानात बोळे घालते, दुपारी जांभया देते. आणि मीच पाच दिवसांपूर्वी लिहिले आहे की ओव्हरडोसने मरतात ती विशीतली मुले.

दिव्याखाली अंधार. बायकोला काही सांगितले नाही. आधी पुरावा.

१३ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांकडून नवी पट्टी आणली. "इतक्यात संपली?" म्हणाले. घरात चोर आहे असे कसे सांगायचे? "प्रवासात हरवली," म्हणालो. कुठला प्रवास, हे त्यांनी विचारले नाही. मी घरातून कचेरीपर्यंतच जातो.

पट्टी टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावले. किल्ली 'प ते म' खंडाच्या मागे. पातक, पापभीरू, पहारा, हे सगळे शब्द तिच्याच राखणीला.

१५ जानेवारी, बुधवार

कुलूप शाबूत, किल्ली जागेवर, आणि पट्टीत चार घरे रिकामी. परवा एक आणि काल एक मी घेतली. बाकीच्या दोन?

चोर साधा नाही. कोशामागे हात घालणारा चोर सुशिक्षित असला पाहिजे. चिमणीला बारावीला संस्कृतमध्ये नव्वदच्या वर होते. माझीच विद्या माझ्यावर उलटली.

जेवताना तिला आडून विचारले, "काय गं, हल्ली झोप येते का फार?"

"मला? बाबा, आत्ता तुम्ही आमटीच्या वाटीत चष्मा ठेवलात."

विषय बदलण्यात आईवर गेली आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

सापळा लावला. खणाच्या मुठीला आणि आतल्या बाजूला बायकोची टाल्कम पावडर शिंपडली. चोराच्या बोटांना लागणार, तो कुठेतरी पुसणार, आणि मग प्रस्तुत लेखक त्याला सर्वांसमोर

१७ जानेवारी, शुक्रवार

कालची नोंद अर्धी राहिलेली दिसते. झोप लागली असावी. खुर्चीतच होतो, पहाटे हिने पलंगावर नेले म्हणे.

सापळ्याचा निकाल: पट्टीतून एक कॅप्सूल जास्तीची गेली आहे. पावडरीवर बोटांचे स्पष्ट ठसे. आणि चोराचा निर्ढावलेपणा पाहा, त्याने हात पुसले ते माझ्या पायजम्याला! दोन्ही मांड्यांवर पांढरे पंजे. मी झोपलेलो असताना माझ्या अंगाला हात पुसून गेला आणि मला कळलेही नाही. इतकी गाढ झोप मला पूर्वी कधी लागत नसे. आईच्या अर्ध्या गोळीला गुण आहे.

बायको पायजमा भिजत घालताना बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. मग माझ्याकडे बघत उभी राहिली. मी गूढ हसलो. तपास चालू असताना अधिक बोलू नये.

२० जानेवारी, सोमवार

आरोग्य विभागातून फोन. बोलणाऱ्या बाईंचा आवाज गोड, म्हणून आधी सावध झालो नाही.

"तुम्ही माझा तक्ता सरळ केलात म्हणे."

"हो, तो उलटा लागला होता. आभार कशाला?"

"तो उलटा नव्हता."

त्याच पुढे म्हणाल्या, "सहा वर्षं मी प्रत्येक मृत्यूची नोंद हाताने लावते, साहेब. वयोगट वरून खाली कसे जातात ते मला कळतं. बुधवारी या. चहा पाजते आणि तक्ता दाखवते. दोन्ही सरळ धरून."

संपादकबाईंना सांगितले नाही. आधी खात्री करू. विभागातल्या बाईंचीही चूक असू शकते. माणूसच आहेत.

२२ जानेवारी, बुधवार

चूक माझीच.

आकडेबाई (मनातल्या मनात मी त्यांना हेच म्हणतो) पन्नाशीच्या, बुटक्या, टेबलावर कुंडी आणि कुंडीत निवडुंग. त्यांनी संगणकावर दोन रेषा दाखवल्या. निळी खाली उतरणारी, तांबडी वर चढणारी.

"निळी विशीतल्या मुलांची. ती उतरली म्हणून एकूण आकडा उतरला, म्हणून मंत्री हसले. तांबडी पंचेचाळीस ते चौसष्टची. ही सहा वर्षं नुसती चढते आहे. तिच्याकडे कोणी बघत नाही, कारण निळी तिला झाकते. एक तुम्ही बघितलंत, तर तुम्ही तिचं नावच बदललंत."

"पण या वयात नशा कोण करतं?"

"कोणीच नाही. हीच तर गोम आहे. हे लोक औषध घेतात. एका डॉक्टरांची दुखण्यावरची, शेजारणीने दिलेली झोपेची, वर खोकल्याचं. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी सभ्य. तिघी एकत्र आल्या की माणूस झोपतो, श्वास मंदावत जातो आणि घरच्यांना वाटतं, छान झोप लागलीय, उठवू नका. बरेचसे आपल्याच पलंगावर गेले आहेत. आणि अर्ध्यांना आपण गोळी घेतलीय हेच आठवत नाही. म्हणून परत घेतात."

"किती अडाणी असतात लोक," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला जांभई आली. मी तोंडावर हात धरला, तर दुसरी आली.

"झोप होत नाही का?"

"उलट, फारच होते."

"काही घेता का?"

"छे. एक कंबरेची. आणि आई एक अर्धी देते, पण अर्ध्या गोळीला काही गोळी म्हणत नाहीत."

आकडेबाईंनी कप खाली ठेवला. "तुमचं वय काय?"

"एकोणपन्नास."

त्या काही बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांना वरून बोलावणे आले. दारातून वळून म्हणाल्या, "आज घरी गेल्यावर डॉक्टरांना त्या अर्धीचं सांगा. आजच." मायाळू बाई आहेत. थोड्या घाबरट.

आता प्रश्न उरला माझ्या चुकीचा. वीस वर्षांची हिरवी खूण! चूक कबूल करायची तर कचेरीतला शिपाईसुद्धा उद्यापासून माझा मजकूर तपासेल. दुसऱ्या लेखातून हळूच, कोणाच्या लक्षात न येता दुरुस्ती करता येईल का? विचार करतो.

डॉक्टरांना फोन करायचा राहिला. उद्या.

२३ जानेवारी, गुरुवार

विचार करता करता संध्याकाळ झाली. तक्ता बरोबर असेल, पण माझ्या खणातला चोर एकोणीस वर्षांचा आहे. राज्याचा कल आणि घरचा कल वेगळा असू शकतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

चिमणी काल रात्री जेवणानंतर माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतले. म्हणाली, "बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय. रागवू नका."

आली! कबुली द्यायला आली. मी मनात क्षमेचे भाषण जुळवले: बाळ, चुकते तो माणूस, सुधारतो तो… इथपर्यंत छान जमले होते.

ती म्हणाली, "गोळ्यांबद्दल आहे."

मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "मला सगळं माहीत आहे."

"माहीत आहे? मग का हो असं…"

यापुढचे मला आठवत नाही. सकाळी कळले की मी तिचा हात धरूनच घोरायला लागलो. पोरीने धीर करून कबुली दिली आणि बापाने ऐकली नाही. स्वतःची शरम वाटते. रविवारी निवांत बसून बोलू.

२६ जानेवारी, रविवार

कालपासून खोकला. खोकला आला की कंबरेत कळ, कळ आली की ओरडा, ओरडलो की पुन्हा खोकला. मेहुणा सकाळी येऊन गेला, त्याने त्याच्या खोकल्याच्या औषधाची उरलेली बाटली दिली. "भावजी, दोन झाकणं मारा, डायरेक्ट स्वर्ग." चव खरोखर चांगली आहे. झाकण लहान वाटले म्हणून चमचा घेतला, चमचा सापडेना म्हणून तसेच.

कंबर आज फारच, रात्रीपर्यंत धीर निघेना. दुपारी जेवणानंतर कॅप्सूल घेतली की नाही? घेतली नसावी, नाहीतर दुखली नसती. घेतो. आईने अर्धी दिली आहे, म्हणते रविवार आहे, सुखाने झोप. चिमणीशी चहाच्या वेळी बोलतो. दुसऱ्या लेखाची सुरुवातही सुचली आहे, उठल्यावर लिहीन.

१ फेब्रुवारी, शनिवार

उठल्यावर लिहीन म्हटले होते. उठायला दोन दिवस लागले आणि लिहायला आणखी चार.

काय झाले ते मला माहीत नाही. तीन साक्षीदार आहेत, तिघींच्या जबान्या वेगळ्या.

आईची जबानी: "मी चहाला हाक मारली. तू 'हं' म्हणालास." मी 'हं' म्हणालो नव्हतो. नंतर तिनेच सांगितले, तो माझ्या घशातला आवाज होता.

बायकोची जबानी: "मला वाटलं झोपलेत, झोपू दे. आठवडाभर कण्हत होतात. मी उलट दार लोटून घेतलं." हे सांगताना ती खिडकीकडे बघत होती. एरवी ती माझ्याकडे बघून बोलते, कारण मी ऐकतो आहे की नाही ते तपासायचे असते.

चिमणीची जबानी: ती दार उघडून आत आली, कारण चहाच्या वेळी बोलायचे ठरले होते. "तुमचे ओठ निळे होते बाबा. श्वास एक यायचा आणि मग येतच नव्हता. मी मोजत होते, पुढचा येईपर्यंत. मग मोजणं सोडून ओरडले." तिने मला कुशीवर वळवले, गालावर चापट्या मारल्या (गाल अजून हुळहुळतो, मला वाटते यात जुने हिशेबही होते), रुग्णवाहिका बोलावली आणि ती येईपर्यंत माझ्या कानाशी संस्कृत धातूंची रूपे म्हणत राहिली. लहानपणी मी तिच्याकडून घोकून घेतलेली. "मला वाटलं, चुकीची म्हटली तर तुम्ही नक्की उठाल."

मी उठलो नाही. म्हणजे प्रकरण खरेच गंभीर होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "कंबरेच्या गोळीखेरीज यांनी काय घेतलंय?" बायको म्हणाली, "काही नाही." चिमणी म्हणाली, "ती कॅप्सूल एकाहून जास्त." मेहुणा फोनवर म्हणाला, "झाकणभर सिरप." तरी डॉक्टरांचे समाधान होईना. आई कोपऱ्यात उभी होती. तिने रुमालाची गाठ सोडून तळहात पुढे केला. उरलेल्या अर्ध्या गोळ्या.

"मी दिली," आई म्हणाली. "रोज."

बस, एवढेच. मग डॉक्टरांना कळले काय उतरवायचे आहे ते.

२ फेब्रुवारी, रविवार

आई आठवडाभर बाकावर गेलेली नाही. माझ्या पलंगाशी बसते. आज म्हणाली, "तुला झोपवत होते रे मी. लहानपणी पाठीवर थोपटलं की झोपायचास. आता थोपटायला गेले तर तू 'कंबर, कंबर' ओरडतोस. म्हटलं, गोळीने थोपटावं."

मी तोंड फिरवून खोकल्याचे निमित्त केले.

संध्याकाळी चिमणी आली. मी म्हणालो, "बाळ, तुझं ते बोलायचं राहिलं होतं. सांग आता. कितीही मोठी चूक असली तरी मी…"

"बाबा, गोळ्या तुम्हीच घेत होतात."

"मी रोज एक घेतो."

"रोज एक जेवणानंतर. मग बातम्या संपल्यावर कोशामागून किल्ली काढून एक. पहिली घेतल्याचं आठवायचंच नाही तुम्हाला. एकदा मी समोर उभी होते. म्हटलं, बाबा, आत्ताच तर घेतलीत. तर म्हणालात, 'मला शिकवू नकोस, मी शास्त्री आहे.' आणि घेतलीत."

"आणि ते पावडरीचे हात?"

"तुमचेच हात, तुमचाच पायजमा. आईने ओळखलं होतं. आम्ही सोमवारी डॉक्टरांकडे तुमच्यासोबत यायचं ठरवलं होतं. रविवार मध्ये आला."

तर असा चोर सापडला. चोर सुशिक्षित असावा हा माझा तर्क तेवढा बरोबर निघाला. सापडला की घराबाहेर काढायचे असे मी मनाशी ठरवले होते. बायकोशी सल्लामसलत केली. ती म्हणाली, "ठेवून घेऊ. कोश उतरवायला कोणीतरी लागतंच."

मी हसलो. ती हसता हसता उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संपादकबाई घरी आल्या, हातात फळे. मी त्यांना सगळे सांगितले: तक्ता, उलटवणे, हिरवी खूण. मग दुरुस्तीचा मजकूर दिला. अंथरुणात लिहिला, म्हणून अक्षर वाकडे. मजकूर सरळ आहे:

'राज्यातील ओव्हरडोस मृत्यूंविषयीच्या आमच्या लेखात वयोगट उलटे छापले गेले. विभागाचा तक्ता बरोबर होता, आमचा वार्ताहर उलटा होता. तरुणांचे मृत्यू घटत आहेत. पंचेचाळीस ते चौसष्ट वयाच्या माणसांचे वाढत आहेत. बहुतेक जण घरात, दुखण्याची, झोपेची आणि खोकल्याची औषधे डॉक्टरांना न विचारता एकत्र घेऊन. हा वयोगट नशा करत नाही, असे वार्ताहराला वाटत होते. वार्ताहर एकोणपन्नास वर्षांचा आहे आणि २६ जानेवारीला या तक्त्यात जाता जाता राहिला.'

बाईंनी दोनदा वाचले. "शेवटचं वाक्य हवंच का?"

"काढलंत तर पुन्हा कोणीतरी तक्ता उलटा धरेल."

"आणि तुमची खूण? उद्यापासून सगळे तुमचा मजकूर तपासतील."

"तपासू द्या."

हे म्हणताना वाटले होते तितके दुखले नाही. कंबर जास्त दुखली.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुरुस्ती पहिल्या पानावर. फोन चूक छापली तेव्हापेक्षा जास्त. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "बायकोने माझं कपाट उघडलं हो. मी हादरलो." आणि आकडेबाई म्हणाल्या, "वाचलं. थोडक्यात चुकलं, नाहीतर माझं काम वाढवणार होतात."

"गैरसोय टळली, क्षमस्व."

"अशी गैरसोय टळली की मला फार बरं वाटतं," त्या म्हणाल्या आणि चटकन फोन ठेवला. आवाज अजूनही गोडच, पण आज जरा ओला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आई बाकावर परतली. रिकाम्या हाताने नव्हे, कापडी पिशवी घेऊन. सगळ्या मैत्रिणींच्या पर्स बाकावर उलट्या करायला लावल्या. कर्नलीणबाई भांडल्या म्हणे: "माझ्या मिस्टरांच्या काळच्या गोळ्या आहेत या!" आई म्हणाली, "मिस्टर गेले ना? मग त्यांच्याच मागे धाडू या." सगळा दवाखाना औषधवाल्याकडे परत करण्यात आला. पुढच्या आठवड्यात आकडेबाईंना बाकावर बोलवायचे ठरले आहे. आईची अट एकच: तक्ता सरळ धरायचा, तिच्या मुलाच्या हाती द्यायचा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टरांनी जोरकस कॅप्सूल बंद केली आणि दुसरी साधी गोळी दिली, रात्री एक. खणाची किल्ली चिमणीकडे. जेवणानंतर ती गोळी देते, मी गिळेपर्यंत समोर उभी राहते आणि मग माझ्याच हिरव्या पेनने माझ्या मनगटावर बरोबरची खूण करते. घेतली की नाही, हा वाद संपला. बातम्यांनंतर हात आपोआप कोशाकडे जातो, बाही वर सरकते, खूण दिसते आणि हात परत येतो.

कचेरीत हिरवी खूण दिसली की पुढे कोणी तपासत नसे. घरी तसे नाही. आत्ताच बायको येऊन दिव्यात मनगट बघून गेली. तिच्यामागून आई आली, चष्मा लावून तिनेही बघितले. झोपल्यावर दार उघडे ठेवायचे असे ठरले आहे, आणि मी घोरलो नाही तर चिमणी येऊन श्वास बघणार आहे.

म्हणजे मजकूर तीनदा तपासला गेला. चुका आहेत, जागोजाग आहेत. पण छापायला हरकत नाही, असे तिघींचे मत पडले.